स्वस्ताई कोणाच्या जिवावर?

भाचा अमेरिकेहून दिवाळीला आला, की आमच्या नंदुरबारच्या घरात दोन-चार दिवस एकच खेळ चालतो. मी बाजारातून भाजी आणतो. तो किंमत विचारतो, मनातल्या मनात भागाकार करतो आणि म्हणतो, ‘मामा, हे तर फुकटच झालं!’ मग सौ. त्याला विचारते, ‘आणि तुमच्याकडे मेथीची जुडी केवढ्याला रे?’ तो डॉलरमध्ये सांगतो, सौ. गुणाकार करते आणि कपाळाला हात लावते. त्याला इथले सगळे स्वस्त वाटते, तिला तिथले सगळे महाग वाटते आणि चहा गार होतो.

१९९१ च्या जुलैत रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा हा गुणाकार पंचवीस-सव्वीसने होत असे. गेल्या, म्हणजे २०२५ च्या दिवाळीत तो अठ्ठ्याऐंशीने करावा लागला. पुढे डिसेंबरात डॉलरने नव्वदीही ओलांडली. पण या वेळी भाच्याने एक नवी टूम काढली. ‘मामी, तुमची हिशेबाची वही आणा. एका पानावर दोन रकाने आखू. डावीकडे तुमचा महिना, उजवीकडे माझा.’

वही आली, रकाने आखले गेले. डावीकडे किराणा, दूध, गॅस, विजेचे बिल, औषधे, पेट्रोल. उजवीकडे घराचा हप्ता, मुलाच्या पाळणाघराचे पैसे, गाडीचा विमा, आरोग्याचा विमा आणि बऱ्याच खाली कुठेतरी किराणा. गंमत वाटत होती. मग ओळ आली घरकामाची. सौ.ने लिहिले, ‘धुणीभांडी, केरफरशी – रु. १५००’. भाचा म्हणाला, ‘आमच्याकडे महिन्यातून दोनदा साफसफाईला बाई येते. तासाला तीस डॉलर.’

आमच्याकडे काम करणाऱ्या ताई तेव्हा तिथेच फरशी पुसत होत्या. त्यांनी हातातले फडके तसेच धरून विचारले, ‘तीस म्हणजे आपले किती?’

सकाळपासून गुणाकार चालला होता. त्या क्षणी मात्र तो करायला कोणी पुढे आले नाही.

आज हा लेख लिहितो आहे तो त्या एका प्रश्नामुळे.

घरखर्चाच्या वहीतून दिसणारा देश

कुठल्या देशात महिन्याला किती लागतात, हा प्रश्न आता घराघरांत विचारला जातो. मुलगी दुबईला, मुलगा पुण्याला, पुतण्या जर्मनीला अशी पांगापांग झाल्यावर तो येणारच. पण लोकांच्या घरखर्चाच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून काही निष्कर्ष काढायचा, ही कल्पना फार जुनी आहे. जर्मनीतील संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली बेल्जियममधल्या कामकरी कुटुंबांचे हिशेब तपासले. कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा, असे त्यांना दिसले. सर्वांत गरीब गटात तो सत्तर टक्क्यांच्या आसपास होता. हा नियम आजही अर्थशास्त्राच्या पुस्तकात एंगेलच्याच नावाने शिकवला जातो. त्याचे सोयीचे अंग असे, की तो रुपया, डॉलर, येन काही विचारत नाही. एका नाण्यातला किती हिस्सा पोटात गेला, एवढेच विचारतो.

आपल्याकडे असा पहिला मोठा प्रयत्न मुंबईत झाला. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ साली सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले. कार्यालयाचे संचालक फिंडले शिरास यांच्या नावाने तो अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. कुटुंबाची सरासरी प्राप्ती महिन्याला बावन्न रुपयांच्या आसपास होती. त्या प्रत्येक रुपयातले सुमारे नऊ आणे अन्नावर जात. जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात होती आणि रुपयाला महिन्याला एक आणा असा व्याजाचा दर सर्रास चाले. म्हणजे वर्षाला पंचाहत्तर टक्के.

पण त्या अहवालातल्या एका तुलनेने फार खळबळ उडाली. गिरणी कामगाराच्या पोटात जाणारे धान्य हे दुष्काळी कामावरच्या मजुराला सरकारने ठरवून दिलेल्या मापाएवढे होते आणि तुरुंगाच्या नियमावलीत कैद्यासाठी ठरवलेल्या मापापेक्षा कमी होते. मोकळ्या माणसाच्या ताटापेक्षा कैद्याचे ताट भरलेले! दोन घरांची तुलना केवळ करमणुकीसाठी करायची नसते, हे त्या अहवालाने दाखवून दिले. ती नीट केली, तर कोणाला तरी उत्तर द्यावे लागते.

पुढे पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा आपला गाजलेला अभ्यास मांडला. माणसाला रोज २,२५० उष्मांक मिळायचे, तर महिन्याला किती खर्च करावा लागेल, या मापाने त्यांनी गरिबी मोजली. तेही घरखर्चाच्या वहीतूनच.

आता आजचे आकडे पाहू. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीनुसार भारताच्या ग्रामीण भागात माणशी महिन्याला सरासरी ४,१२२ रुपये खर्च होतात आणि शहरात ६,९९६ रुपये. ग्रामीण खर्चातला अन्नाचा वाटा ४७ टक्के आहे. १९९९-२००० साली तो ५९ टक्के होता. म्हणजे गेल्या शतकाच्या अखेरीस भारतातले खेडे एंगेलच्या मापाने १९२१ च्या मुंबईतल्या चाळीच्याही मागे होते आणि त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत ते पुढे सरकले. हे समाधान खोटे नाही.

अमेरिकेत २०२३ साली एका कुटुंबाचा वर्षाचा सरासरी खर्च ७७,२८० डॉलर होता. त्यातले अन्नावर गेले जेमतेम तेरा टक्के आणि घरावर जवळजवळ तेहतीस टक्के. आपल्याकडे पोट जे खाते, ते तिकडे छप्पर खाते. भाच्याच्या रकान्यात किराणा इतका खाली का होता, त्याचे उत्तर हे.

गुणाकार कुठे फसतो

हे दोन आकडे डॉलरच्या दराने शेजारी ठेवले तर काय होते? अमेरिकन कुटुंबात सरासरी अडीच माणसे धरली जातात. म्हणजे माणशी महिना सुमारे २,५७६ डॉलर. त्या वर्षीच्या ८३ च्या दराने ते दोन लाख चौदा हजार रुपये होतात. आपल्या ग्रामीण माणसाच्या बावन्नपट. पण अमेरिकन माणूस काही आपल्या बावन्नपट जेवत नाही आणि बावन्न सदरेही घालत नाही. मग गुणाकार चुकला कुठे?

चूक अशी, की सराफ्यात डॉलरचा जो भाव मिळतो, तो आयात-निर्यातीचा, भांडवलाच्या ये-जा करण्याचा भाव असतो. नंदुरबारच्या न्हाव्याची खुर्ची, धडगावच्या खोलीचे भाडे, शहाद्याच्या रिक्षाचे पैसे हे काही बोटीत घालून निर्यात करता येत नाहीत. त्यांचा त्या भावाशी संबंध नाही. म्हणून १९६८ साली संयुक्त राष्ट्रे आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी मिळून निरनिराळ्या देशांतल्या किमतींची प्रत्यक्ष तुलना करण्याचा प्रकल्प हाती घेतला. एका देशात एका डॉलरला जेवढा माल आणि जेवढी सेवा मिळते, तेवढीच दुसऱ्या देशात घ्यायला स्थानिक चलन किती लागते, हे त्यात मोजतात. याला क्रयशक्तीची तुल्यता म्हणतात. पहिल्या दहा देशांत भारत होता. २०१७ च्या मोजणीत या हिशेबाने एक डॉलर म्हणजे २० रुपये ६५ पैसे ठरला. बाजारात तेव्हा तो ६५ रुपयांना मिळत होता.

‘इकॉनॉमिस्ट’ या इंग्रजी साप्ताहिकाने १९८६ साली हीच गोष्ट चेष्टेचेष्टेत सांगितली. मॅकडोनाल्डचा ‘बिग मॅक’ बर्गर कोणत्या देशात केवढ्याला मिळतो, यावरून चलनाची खरी किंमत पाहायची. भारतात १९९६ साली ती उपाहारगृहे आली. इथे गोमांस चालणार नाही म्हणून ‘महाराजा मॅक’ निघाला आणि भारतासाठी त्याचीच किंमत धरली जाऊ लागली. आमच्याकडे कोणी वडापावाचा किंवा शेवभाजीचा निर्देशांक काढला नाही एवढेच.

या नव्या मापाने वरचा हिशेब पुन्हा मांडला, तर अमेरिकन माणसाचा महिना सुमारे त्रेपन्न हजार रुपयांचा होतो. आपल्या ग्रामीण माणसाच्या तेरापट. हिशेब ढोबळ आहे, दोन्हीकडच्या पाहण्यांच्या व्याख्याही एकसारख्या नाहीत. तरी बावन्नावरून आपण तेरावर आलो. भाच्याला इथे सगळे फुकट का वाटते, त्याचा उलगडा या मधल्या फरकात आहे. पण हा फरक आला कुठून?

नोटा नको, तास मोजू

या प्रश्नाचे उत्तर मिळायचे तर चलन बाजूला ठेवून घड्याळ हातात घ्यावे. एखादी वस्तू मिळवायला किती वेळ राबावे लागते, ते पाहावे.

न्यू जर्सीत २०२५ साली कायद्याने ठरलेली किमान मजुरी तासाला १५.४९ डॉलर होती. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होती, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने तासाला ३९ रुपये. आता दूध घ्या. तिकडे लिटरला साधारण एक डॉलर पडतो. किमान मजुरीवरच्या माणसाला त्यासाठी चार मिनिटे काम करावे लागते. इकडे लिटरला साठ रुपये धरले, तर दीड तास. भाच्याच्या वहीत आमचे दूध स्वस्त आहे. हमीच्या कामावर खडी वाहणाऱ्या बाईच्या वहीत तेच दूध न्यू जर्सीच्या वीस-बावीसपट महाग आहे.

दहा हजारांचा साधा मोबाइल घ्या. न्यू जर्सीत एका दिवसाची पाळी भरली की तो येतो. इथे बत्तीस दिवसांची मजुरी लागते, आणि तीही मधे काही न खाता-पिता. गॅसचे सिलिंडर साडेआठशेच्या घरात. म्हणजे पावणेतीन दिवसांचे काम. उज्ज्वला योजनेची सूट धरली तरी पावणेदोन दिवस. सोने तर २०२५ मध्ये तोळ्याला लाखाच्या पुढे गेले. मुलीच्या लग्नात एक तोळा घालायचा, तर सव्वातीनशे दिवसांची रोजी हवी, आणि हमीच्या कायद्याने केंद्राकडून मिळणारी हमी होती वर्षाला शंभर दिवसांची.

आता केस कापण्याचा हिशेब पाहा. न्यू जर्सीत पंचवीस-तीस डॉलर, म्हणजे किमान मजुरीचे सुमारे दोन तास. आमच्याकडे तालुक्याच्या गावी ऐंशी ते शंभर रुपये, म्हणजे दोन-अडीच तास. इथे मात्र दोन्ही देश जवळजवळ एका रेषेत आले! असे का व्हावे?

कारण सरळ आहे. दूध, मोबाइल, गॅस, सोने यांच्या किमती कमीअधिक प्रमाणात जगाच्या बाजारात ठरतात. त्या मजुराच्या मजुरीकडे पाहून खाली येत नाहीत. केस कापण्यात मात्र माणसाचे कष्ट सोडून दुसरे फारसे काही नाही. एका गरिबाने दुसऱ्या गरिबाचे कष्ट विकत घेतले की हिशेब फिटतो. भाच्याने भागाकार करून ‘स्वस्त’ म्हटलेल्या वस्तू आठवून पाहा. केशकर्तन, इस्त्री, रिक्षा, भाजीवाली, धुणीभांडी. या सगळ्यांत माल थोडा आणि माणूस जास्त आहे. तेव्हा एखाद्या देशात राहणे स्वस्त आहे, असे आपण म्हणतो, तेव्हा त्या देशात माणसाचे कष्ट स्वस्त आहेत, असेच बहुतेक वेळा म्हणत असतो.

नंदुरबारच्या माणसाला हे सांगायला परदेशी जायची गरज नाही. हिवाळ्यात शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरतात. दूरवर लालच लाल दिसते, छायाचित्रकार येतात, चित्रे छान निघतात. त्या पथाऱ्यांवर नाकातोंडाला फडके बांधून, दिवसभर ओणवून मिरची निवडणाऱ्या, देठ खुडणाऱ्या बायका असतात. हातांची आग होते, डोळे चुरचुरतात. इथली मिरची देशभर जाते. पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात तिखटाची पुडी जी परवडते, तिच्यात या बायकांच्या रोजाचाही भाग आहे.

एक कुटुंब, दोन राज्ये

देशादेशांतली तुलना करताना मधे समुद्रच पाहिजे, असे नाही. आमच्या नवापूरचे रेल्वे स्टेशन महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या सीमेवर आहे. फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. लोक त्यावर बसून फोटो काढतात. पण या जिल्ह्यातल्या हजारो कुटुंबांची अवस्था त्या बाकासारखीच आहे. त्यांचे अर्धे वर्ष इकडे आणि अर्धे तिकडे.

दिवाळी झाली की सातपुड्यातल्या पाड्यांवरून माणसे उतरतात आणि दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या साखर पट्ट्यात जाऊन खानदेशातून येणाऱ्या याच तोडणी मजुरांचा अभ्यास केला. मजूर मोजायचे ते माणशी नव्हे, कोयत्याने. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, जमल्यास हाताखाली एखादे पोर. मुकादम पावसाळ्यात उचल देतो, हंगामात खावटी देतो आणि अखेरीस दोन्ही वजा करून उरेल ते हाती ठेवतो. उरले नाही, तर पुढच्या हंगामाचे बोलणे झालेलेच असते.

या कुटुंबाच्या महिन्याचा ताळेबंद आपल्या दोन रकान्यांत कसा मांडायचा? आपण पगार आला की खर्च लिहितो. इथे आधी खर्च होतो आणि मग मजुरी फेडायची असते. आपला महिना एक तारखेला सुरू होतो, यांचे वर्ष उचलीपासून सुरू होते. काठीच्या होळीला माणसे परत येतात. भोंगऱ्या बाजारात कपडे, गूळ, डाळ्या, चांदीचे एखादे लेणे घेतले जाते. शहरातला माणूस म्हणतो, ‘आहे काय घरात, आणि उधळतात किती!’ पण आपण बारा महिने थोडे थोडे हौसेवर उडवतो, ते कोणी मोजत नाही. त्यांची बारा महिन्यांची हौस एका आठवड्यात येते, म्हणून ती डोळ्यांत भरते.

वहीत न येणारे उत्पन्न

आणखी एक अडचण आहे. डोंगरातल्या घराचा बराचसा संसार पैशांत चालतच नसे. मोहाची फुले, चारोळी, आंबा वाळवून केलेला आमचूर, रानभाज्या, सरपण, नदीतले मासे, घरचा उडीद, भगर. यांतले काही मोलगीच्या बाजारात विकले जाते, काही घरीच खपते. सरकारी पाहणीत घरच्या धान्याची किंमत धरतात. पण सरपणासाठी चाललेली पायपीट आणि हंड्यासाठी चढलेला डोंगर यांची किंमत कोणत्याच रकान्यात येत नाही. आमच्या भाच्याच्या रकान्यात पाळणाघराचे पैसे सर्वांत वरच्या ओळींत होते. आमच्या पाड्यावर ते काम आजी करते, म्हणून तो खर्च शून्य. शून्य म्हणजे काम नाही, असा अर्थ मात्र नाही.

हे न लिहिलेले उत्पन्न गेले की काय होते, ते याच जिल्ह्याने पाहिले आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली तेहतीस गावे आली. ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. वसाहतीत आलेल्या माणसाला जमीन मिळाली, रस्ता मिळाला, वीज मिळाली. पण जळण विकत, मासा विकत, चारा विकत. कागदावर त्याचा खर्च वाढला, म्हणजे संख्याशास्त्राच्या भाषेत त्याचे राहणीमान सुधारले! नदी गमावलेला माणूस आकड्यांत श्रीमंत दिसू शकतो, हे तुलना करणाऱ्याने लक्षात ठेवलेले बरे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. रेशनवर २०२३ च्या जानेवारीपासून अन्नसुरक्षा कायद्याखालचे धान्य फुकट मिळते, माणशी पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो. वहीत या धान्यापुढे शून्य रुपये आहेत, पण घरात चूल पेटते आहे. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्याच्या मोजणीत २०१५-१६ साली या जिल्ह्यातले निम्म्याहून अधिक लोक गरीब ठरले होते. २०१९-२१ च्या आकड्यांनुसार ते प्रमाण एक तृतीयांशावर आले. तरीही नंदुरबार राज्यात तळालाच राहिला. आणि त्याच काळच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. धान्य पोहोचले, डाळ, दूध, अंडी अजून नेमाने पोहोचत नाहीत. दीड तासाच्या मजुरीचे ते लिटरभर दूध इथे पुन्हा आठवावे.

आजारपणाची ओळ

देशादेशांच्या वह्या शेजारी ठेवल्यावर शेवटी एक गोष्ट ठळकपणे दिसते. कोणता खर्च घराच्या वहीत आहे आणि कोणता सरकारच्या, यावरून घराची झोप ठरते. ब्रिटनमध्ये १९४८ पासून इस्पितळाचा खर्च करातून भागतो. तिथल्या गृहिणीच्या वहीत शस्त्रक्रियेची ओळ सहसा येत नाही. अमेरिकेत विम्याचा हप्ता भरूनही आजारपणाची धास्ती असते. भाचाच म्हणाला, ‘मामा, तिथे रुग्णवाहिका बोलवायच्या आधी लोक बिलाचा विचार करतात.’

भारतात २०१४-१५ साली आरोग्यावरच्या एकूण खर्चातले जवळजवळ त्रेसष्ट टक्के रुग्णाच्या खिशातून जात. २०२१-२२ पर्यंत हे प्रमाण एकोणचाळीस टक्क्यांवर आल्याचे सरकारी हिशेब सांगतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. नंदुरबारला २०२० साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. या गोष्टी लहान नाहीत. पण डोंगरातल्या पाड्यावरून बाळंतिणीला बांबूला बांधलेल्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. त्या झोळीला इथे लोकांनी ‘बांबूलन्स’ असे नाव दिले आहे. चार जण तिला खांद्यावर घेतात, चौघांचा रोज बुडतो. पुढे जीप भाड्याने करावी लागते. इस्पितळात मोफत उपचार होतात, पण तिथवर पोहोचण्याचा खर्च कोणत्याही योजनेत बसत नाही. तो त्या कुटुंबाच्या उचलीत बसतो.

मग करायचे काय?

एवढे वाचून वाचक विचारतील, की आम्ही काय करावे? दोन गोष्टी सरकारने कराव्यात आणि एक आपण.

पहिली गोष्ट मापाची. रोजगार हमीची मजुरी दर वर्षी शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाकडे पाहून वाढवली जात असे. त्या निर्देशांकाचे पायाभूत वर्ष २०२५ च्या मध्यापर्यंत १९८६-८७ होते. म्हणजे शेतमजुराचा महागाई निर्देशांक काढताना, ज्या काळी मोबाइल नव्हता आणि इंग्रजी माध्यमाची शाळा खेड्यात पोहोचली नव्हती, त्या काळची टोपली जवळजवळ चाळीस वर्षे वापरली गेली. आता २०१९ हे पायाभूत वर्ष धरलेली नवी मालिका आली आहे. टोपली नवी झाली, आता मजुरीचा आकडाही तिच्याकडे पाहून नव्याने ठरवावा. दूध, डाळ, बसभाडे आणि मोबाइलचे रिचार्ज लक्षात घेऊन ठरवावा. योजना कोणत्याही नावाने चालो.

दुसरी गोष्ट वेळेची. मजुरी थोडी कमी मिळाली, तर माणूस कसेबसे निभावतो. उशिरा मिळाली, तर मुकादमाच्या दारात जातो. २०१० च्या सप्टेंबरात देशातले पहिले आधार कार्ड याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. पंतप्रधान आले होते. त्या अंकामुळे मजुराचे पैसे थेट त्याच्या खात्यात जातील, असे पुढे सांगितले गेले. गावाला हे आठवते. काम संपल्यावर पंधरा दिवसांत पैसे हाती पडणे ही मेहेरबानी नव्हे. पावसाळ्यातली उचल टाळण्याचा त्याहून स्वस्त उपाय दुसरा नाही.

तिसरी गोष्ट आपली, वही ठेवणाऱ्यांची. जी महागाई आपल्याला जाचते, तिच्याबद्दल आपण भरभरून बोलतो. जी स्वस्ताई आपल्या सोयीची आहे, तिच्याबद्दल गप्प बसतो. गॅस पन्नास रुपयांनी वाढला की घरात चर्चा होते. धुणीभांड्यांची ओळ चार वर्षे तीच राहिली, हे वही पाहिल्याखेरीज लक्षात येत नाही. आमच्याही आले नव्हते. मागची पाने चाळली, तेव्हा दिसले, की चार वर्षांत दूध वाढले, तेल वाढले, आमचे निवृत्तिवेतन महागाई भत्त्यासह वाढले. पंधराशे मात्र पंधराशेच राहिले. अशी ओळ तुमच्याही वहीत असेल. एकदा पाहावी.

त्या दिवशी ताईंच्या प्रश्नाला शेवटी सौ.नेच उत्तर दिले. ‘दोन हजार सहाशे चाळीस,’ ती म्हणाली. ‘महिन्याला?’ ताईंनी विचारले. ‘नाही. तासाला.’ ताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘तिथं महागाई पण तशीच असंल ना?’ त्यांनी आमची अडचण आमच्या आधी ओळखली आणि आम्हाला वाट करून दिली. ती वाट घेणे सोपे होते, कारण त्यांचे म्हणणे काही अंशी खरेही होते. पण त्यांच्या रकान्यात महिन्याचा पंधरा किलो तांदूळ रेशनचा, खोलीचे भाडे, सिलिंडर, मुलीची वह्यापुस्तके आणि सासूचे औषध होते. आमच्यासारखी चार घरे केल्यावर ते जेमतेम भरत होते.

दुसऱ्या दिवशी सौ.ने वहीतली ती ओळ खोडली नाही. शेजारी नवा आकडा लिहिला आणि महिन्यातून चार सुट्ट्या, असे पुढे लिहिले. तो आकडा वर्तमानपत्रात छापण्याइतका मोठा नाही. तो लिहिल्यावर आमच्या महिन्यात फार मोठा खड्डाही पडला नाही, आणि हेच मनाला लागून राहिले. इतक्या थोडक्यात होणारी गोष्ट चार वर्षे करायची राहिली होती.

भाचा परत गेला. पुढच्या दिवाळीला तो येईल, मेथीची जुडी हातात घेईल आणि सवयीने म्हणेल, ‘मामा, फुकटच झालं!’ तेव्हा त्याला भागाकार करू द्यायचा आणि मग विचारायचे, ‘ही जुडी पहाटे निवडून बांधणाऱ्या बाईला किती मिळाले असतील, तेही काढ बरं.’ रकाने दोनच्या ऐवजी तीन आखावे लागतील. वहीत जागा आहे.